कामाच्या जागी एकच सर

सर,

हा शब्द लिहायला मला बराच वेळ लागला. तोंडानं तर तो परवा निघालाच नाही.

परवा तुमची तेरवी झाली. घरासमोर मांडव घातला होता. जेवणाआधी तुमच्या फोटोजवळ एकेक जण उठून दोन शब्द बोलत होता. कोर्टातले बाबू, तहसीलमधल्या मॅडम, बँकेत लागलेले, शाळेत लागलेले, सगळे तुमच्या टायपिंगच्या क्लासमधून गेलेले. प्रत्येकाचं बोलणं 'सर'पासून सुरू होत होतं. सरांनी शिकवलं, सरांनी रागावलं, सरांनी पायावर उभं केलं. मग कोणीतरी म्हणालं, "पंकज, तू बोल. शेवटपर्यंत तूच होता त्यांच्यासोबत."

मी उठलो. हात जोडले. आणि म्हणालो, "बाबूजी..."

त्यापुढे बोलता आलं नाही. लोकांना वाटलं, रडू आलं असेल. मागून एकानं शेजाऱ्याला हळूच विचारलं, "हे बाबूजी कोण? याचे वडील का?" ते मला ऐकू आलं. फोटोच्या बाजूला काकू बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर सारखा करत मान खाली घातली. मी बसलो. रडू आलंच नव्हतं. लाज वाटली होती. ती अजून गेलेली नाही, म्हणून हे लिहून राहिलो.

तुमच्या आधी मी कोणालाच सर म्हटलं नव्हतं. गावच्या शाळेत गुरुजी होते, बाई होत्या. बारावीचा निकाल लागल्यावर बाबा मला सौंसरला घेऊन आले. बस स्टँडसमोरच्या गल्लीत कापडाच्या दुकानावर तुमचा क्लास. बाबा तेव्हा संत्र्याच्या पेट्या ठोकायचे. हंगामात दिवसभर लाकडाच्या पट्ट्या, खिळे आणि हातोडी. जिना चढताना वरून जो आवाज येत होता तो ऐकून मला वाटलं होतं, वर पुष्कळ जणांचे बाबा बसून लहान लहान पेट्या ठोकत आहेत.

दारात बाबांनी चप्पल काढली आणि हाक मारली, "मास्तर..."

तुम्ही एका मुलीच्या मशीनवर वाकला होतात. मान वर न करता म्हणालात, "मास्तर शाळेत असते. इथं सर म्हणायचं. अन् आत याच्या आधी विचारायचं."

बाबा ओशाळले. आमच्या घरात आत येण्याआधी विचारावं असं दार नव्हतं. मग तुम्ही स्वतः उठून आलात, बाबांना तुमची खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं आणि मला म्हणालात, "तू बाहेर जा अन् पुन्हा ये."

मी बाहेर गेलो. उंबऱ्यापाशी थांबून म्हणालो, "सर, आत येऊ?"

"ये," तुम्ही म्हणालात.

तुम्ही बोटांवर रुमाल टाकायचे. निळ्या चौकटीचा, धुऊन धुऊन पातळ झालेला. त्याच्याखाली अक्षरं दिसत नसत. एकच ओळ पानभर. पान भरलं की पुन्हा तीच ओळ. मी कंटाळून रुमाल उचलून पाहिला की तुमची फुटपट्टी टेबलावर वाजायची. "डोळ्याले कायले तरास देतं? बोटाले सवय होऊ दे. एकदा सवय झाली का तू झोपेत असला तरी बोट तेच करन." मला तेव्हा हे फक्त टायपिंगबद्दल वाटलं होतं.

टायपिंगची परीक्षा पास झालो, तेव्हा मला नोकरीच्या मागे लावायला सगळे तयार होते. तुम्ही एकटेच म्हणालात, "कॉलेज कर. अन् कॉम्प्युटर घे. हे माह्यं मशीन आता म्हातारं होऊन राहिलं." आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. फॉर्मवर कुठं काय लिहायचं हे सांगायला तुम्ही होता. शेवटच्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा तुम्ही क्लासच्या फळ्यावर खडूनं माझं नाव लिहिलं आणि त्याच्यापुढे 'पदवीधर' असं लिहून खाली रेघ ओढली. पुसायला कोणाला परवानगी नव्हती. फळ्याच्या उरलेल्या अर्ध्या भागात तुम्ही पुढचे कित्येक दिवस शिकवलं.

आणि त्याच कॉम्प्युटरनं तुमचा क्लास खाल्ला. सरकारनं टायपिंगची परीक्षा कॉम्प्युटरवर नेली आणि मुलं यायची बंद झाली. मशीनं भंगारवाल्यानं नेली त्या दिवशी मी आलो होतो. वाटलं होतं, तुम्ही एखादं तरी ठेवून घ्याल. तुम्ही जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहून हमालाला एवढंच म्हणालात, "हळू. जिना दुसऱ्याचा आहे."

मी तेव्हा मोटारसायकलवर पिशवी अडकवून फिरत होतो. बसायला जागा नव्हती. घरमालकाला तुम्हीच सांगितलंत, "खोली पंकजले द्या." तुमची खोली माझं दुकान झाली. जिथं तुमचं टेबल होतं तिथं मी माझं टेबल लावलं, कारण प्लग पॉइंट तिथंच होता. हे कारण खरं आहे. पण परवापासून ते मला पुरत नाही.

माझं काम नेमकं काय, हे मी बाबांना अजूनही नीट सांगू शकलो नाही. सौंसरची बियाण्यांची दुकानं, लोधीखेड्याचं जिनिंग, पांढुर्ण्याचे संत्र्याचे व्यापारी, दोन-चार डॉक्टर, मेडिकलवाले. यांच्यापैकी कोणाकडे कॉम्प्युटरचा माणूस ठेवण्याइतकं काम नाही, आणि कॉम्प्युटर बंद पडला की कोणाचंच काम चालत नाही. बिल निघत नाही, प्रिंटर रुसतो, नेट जातं, जिनिंगमधल्या मशीनच्या पंख्यात कापूस अडकतो. मग मला फोन. मी एकटा. पांढुर्ण्याच्या रस्त्यावर गाडी चालवताना खिशात फोन वाजत राहायचा, आणि पोहोचून पाहावं तर पाच जण रागावलेले.

अशाच एका सकाळी तुम्ही जिना चढून आलात. उंबऱ्यापाशी थांबलात आणि विचारलंत, "आत येऊ?"

मी खुर्चीतून उठलोच. "सर, तुम्ही कायले विचारता?"

"खोली आता तुही आहे," तुम्ही म्हणालात. आत आलात, सगळीकडे पाहिलंत, खिडकीजवळचा स्टूल ओढलात. "तू गावभर फिरतं. लोक इथं फोन करून करून थकते. मी फोन उचलत जाईन. घरी बसून मी तुह्या काकूचं डोकं खातो म्हणते ती. तिनंच पाठवलं."

मला इतका आनंद झाला होता, सर. हे मला कुठंतरी लिहून ठेवायचं होतं. त्या दिवशी माझ्या मनात लाज वगैरे काही नव्हतं. वाटलं, सर परत आले.

पहिल्याच आठवड्यात बंडूभाऊ आले. बियाण्यांच्या दुकानाचे, इथं पहिल्यांदाच. कॉम्प्युटरवाल्याला गिऱ्हाइकं सर म्हणतात. दारातून त्यांनी विचारलं, "सर आहेत का?"

"हो," आपण दोघंही एकदम म्हणालो.

बंडूभाऊंनी एकदा तुमच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. वय पाहून ते तुमच्यासमोर बसले आणि बिलिंगचं सगळं गाऱ्हाणं तुम्हाला सांगितलं. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत. शेवटी म्हणालात, "मले यातलं काही येत नाही."

"मंग सर कोण आहे इथं?" बंडूभाऊ वैतागले. "अर्ध्या तासापासून कोणाले सांगून राहिलो मी?"

ते गेल्यावर तुम्ही हसलात, आणि मग हसू आवरून म्हणालात, "पाह्य पंकज, कामाच्या जागी एकच सर पाहिजे. दोन झाले का गिऱ्हाईकाचा भरोसा दोघांवरून बी उठते. उद्यापासून मले सर म्हणू नको."

"मंग काय म्हणू?"

"काही बी म्हण. भाऊ म्हण, काका म्हण."

"काका कसं म्हणू, सर?"

"पाह्य. पुन्हा म्हटलं."

काही दिवस मी तुम्हाला काहीच म्हटलं नाही. हाक न मारता बोलायची कसरत मी शिकलो. 'ऐका ना', 'ते जरा पाहता का', 'फोन वाजून राहिला'. तुमच्या लक्षात येत होतं. तुम्ही मदत केली नाही. इकडे दुकानात बसलेल्या वयस्कर माणसाला लोक बाबूजी म्हणतात, मग तो मुनीम असो की मालकाचा बाप. गिऱ्हाइकांनी आपणहून तुम्हाला बाबूजी म्हणायला सुरुवात केली. तुम्हीही त्याला ओ द्यायला लागलात.

मग तो दिवस. एका डॉक्टरांचा कॉम्प्युटर टेबलावर उघडा पडलेला, डॉक्टरांचा माणूस डोक्यावर उभा, तिकडे दवाखान्यात पेशंट बसलेले. माझे दोन्ही हात आत अडकले होते, एक स्क्रू निघत नव्हता आणि मी म्हणालो, "बाबूजी, तो पेचकस द्या."

माझ्या तोंडून निघालं आणि मी दचकून तुमच्याकडे पाहिलं. पण तुम्ही लगेच पेचकस पुढे केलात. म्हणालात, "घ्या, सर."

'घे' नाही. 'घ्या'.

तो माणूस गेल्यावर तुम्ही पुन्हा 'पंक्या' म्हणाल, 'लेकाच्या' म्हणाल, म्हणून मी वाट पाहिली. तुम्ही म्हणालातही. तसं कितीतरी दिवस चाललं. गिऱ्हाईक असलं की सर, गिऱ्हाईक जिना उतरलं की पंक्या. मला त्याची गंमत वाटायला लागली होती. जणू आपण दोघं मिळून लोकांपुढे एक नाटक करत होतो. मग एक दिवस गिऱ्हाईक गेल्यावरही तुम्ही 'तू'वर आला नाहीत. मी ते ऐकलं. मी विचारलं नाही. सोयीचं वाटलं, असं म्हणायला आज जीभ अडखळते, पण सोयीचंच वाटलं होतं.

आपल्या दोघांचं भांडण मात्र एकाच गोष्टीवर व्हायचं. तुम्ही पत्रं टाइप करायला बसलात की प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर मारायचे. टाइपरायटरचा हात. ओळ संपली की हात आपोआप जायचा. मी अक्षरं मोठी केली की तुमचं अख्खं पत्र फाटून जायचं, अर्धी ओळ इकडे, दोन शब्द तिकडे.

"बाबूजी, मशीन स्वतःच खालच्या ओळीवर जाते. तुम्ही फक्त लिहीत चला."

"ओळ कुठं संपवाची ते लिहिणाऱ्यानं ठरवाचं. मशीननंच ठरवलं तं मंग मी कायले बसलो इथं?"

"पण साइज बदललं का सगळं बिघडते ना."

"मंग साइज कायले बदलता? पहिल्यांदाच बरोबर घ्या."

हे भांडण तुम्ही शेवटपर्यंत सोडलं नाही आणि मीही. तुम्ही कीबोर्डही असे बडवायचे की दर काही महिन्यांनी एखादी कळ वर यायची. मी काही म्हणायच्या आत तुम्हीच म्हणायचे, "तिथं हळू मारलं का शाई उठत नव्हती." मी नवा कीबोर्ड लावून द्यायचो आणि जुन्या कीबोर्डच्या चांगल्या कळा काढून ठेवायचो. त्यांचा डबा अजून कपाटात आहे.

पण फोनवर तुम्ही राजे होता. पलीकडून कोणी घाईत ओरडलं, 'प्रिंटर बंद पडलाय', तर तुम्ही म्हणायचे, "आधी नमस्कार. मंग प्रिंटर." लोक चिडायचे. मग नमस्कार करायचे. नमस्कार केला की आवाज आपोआप खाली येतो, हे तुम्हाला ठाऊक होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तुम्ही एकेका गिऱ्हाइकाला फोन करून सांगायचे, "उद्या मशीनची पूजा करा, पण कुंकू पुडीतच राहू द्या. फूल वाहा. फूल झाडता येते." त्याआधी दसऱ्यानंतरचा माझा एक पूर्ण दिवस कीबोर्डमधून कुंकू आणि तांदूळ काढण्यात जायचा. तुम्ही आल्यापासून तसा दिवस आला नाही.

आता तो चहा.

बंडूभाऊ त्यांचा कॉम्प्युटर घेऊन आले होते. माझ्यासमोर बसले होते. काम लांबलं. कंटाळून त्यांनी मागं न पाहता म्हटलं, "बाबूजी, दोन चाय सांगा ना खाली."

तुम्ही उठलात. तुमचे गुडघे तेव्हा दुखायला लागले होते. तुम्ही कठड्याला धरून जिना उतरलात, तो आवाज मला ऐकू येत होता, एकेक पायरी. मी पडद्याकडे पाहत राहिलो. पडद्यावर तेव्हा पाहण्यासारखं काहीच नव्हतं, सर. एक पट्टी हळूहळू भरत होती. ती माझ्या पाहण्यानं भरत नव्हती. चहावाल्याचा पोरगा त्या दिवशी नव्हता म्हणून तुम्ही स्वतःच दोन्ही ग्लास घेऊन वर आलात. एक बंडूभाऊंसमोर ठेवलात, एक माझ्यासमोर. त्याच खोलीत, जिथं तुम्ही माझ्या बाबांना खुर्ची दिली होती, पाणी दिलं होतं.

ते गेल्यावर मी म्हणालो, "तुम्ही कायले गेले? मी गेलो असतो."

"मलेही प्याचा होता चहा," तुम्ही म्हणालात. "खालीच पिऊन आलो. ताजा भेटते."

मी हसलो. तुम्ही हसलात. ते खरं होतं की मला सोडवण्यासाठी म्हणाला होता, हे विचारायचं राहिलं. त्यानंतर किती वेळा चहा तुम्ही आणला ते मी आठवायचा प्रयत्न करत नाही.

मी कधीच काही बोललो नाही असंही नाही. एकदा म्हणालो होतो, "आता लोकांना सांगून टाकू, का हा क्लास तुमचा होता, तुम्ही माझे सर आहात." तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "सांगून काय होईन? उद्या ते तुम्हाले सोडून मले विचारतीन. मी म्हणीन, मले येत नाही. माही बी इज्जत गेली अन् तुमची बी गेली." माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. आजही नाही. पण उत्तर नसणं आणि गप्प बसून खुर्चीत सरकून बसणं यात फरक आहे, तो मला तेव्हा करता आला असता.

नागपूरच्या दवाखान्यात मी आलो तेव्हा तुम्हाला श्वास लागत होता. नर्सनं विचारलं, "तुम्ही कोण यांचे?" माझ्या तोंडाशी बरंच काही आलं. विद्यार्थी. मुलासारखा. काय म्हणावं ते जुळवत होतो तेवढ्यात तुम्ही तोंडावरचा मास्क बाजूला करून म्हणालात, "हे आमचे सर आहेत."

"सर, जरा बाहेर थांबा," नर्स म्हणाली.

मी बाहेर थांबलो. मला वाटलं, तापात बोलले. तुमचं माझ्याबद्दलचं ते शेवटचं वाक्य होतं आणि ते मी दुरुस्त केलं नाही.

परवा मांडवातले लोक गेल्यावर मी काकूंजवळ जाऊन बसलो. म्हणालो, "काकू, तोंडातून सर निघालंच नाही."

काकू म्हणाल्या, "अरे, निघन कसं? ते तं घरी बी तुले सरच म्हणे."

"घरी?"

"हो ना. 'आज सरांनी जेवाले उशीर केला', 'सर पांढुर्ण्याले गेले'. मले पहिले समजेच ना, हे कोण सर. मी म्हणलं, अवं, आपला पंकज आहे तो, पंकज म्हणा. तं म्हणे, सवय ठेवा लागते. घरी पंकज म्हटलं तं तिथं बी तोंडातून पंकजच निघन, अन् गिऱ्हाइकाच्या समोर त्याचं हसं होईन." मग काकू म्हणाल्या, "पहिले पहिले चुकत होते. मंग नाही चुकले."

म्हणजे तुम्ही सराव करत होता. माझ्यासाठी तुम्ही जिभेवर रुमाल टाकला होता, सर. पानभर एकच ओळ, आणि पान भरलं की पुन्हा तीच. मी दुकानात कोणी न शिकवता तसाच सराव करत होतो, उलट्या बाजूनं. परवा फोटोपुढे उभा राहिलो आणि जिभेनं जे रोज केलं तेच केलं. तुम्ही सांगितलंच होतं.

तुमच्यावर रागही आला मला. खोटं कशाला लिहू. काकूंसमोर बसलो होतो आणि मनात म्हणत होतो, कोणी सांगितलं होतं इतकं नीट करायला? तुम्ही थोडं चुकला असतात. एकदा गिऱ्हाइकासमोर 'पंक्या' म्हणाला असतात, तर मीही 'सर' म्हणून गेलो असतो आणि लोक हसले असते आणि झालं असतं. पण चुकणं तुमच्या हातात नव्हतं. आणि माझ्या हातात होतं ते मी केलं नाही.

काल दुकान उघडलं. फोन तुमच्या खिडकीपाशीच वाजला. तिथवर चालत गेलो आणि उभ्यानंच उचलला.

"नमस्कार. सर आहेत का?"

बंडूभाऊ होते. नमस्कार आधी, ती तुम्ही लावलेली सवय. माझ्या तोंडात 'हो, बोला' तयार होतं. मी थांबलो.

"सर गेले, बंडूभाऊ."

"आँ? तुमचाच आवाज आहे ना हा?"

"मी पंकज बोलून राहिलो. सर गेले. काल तेरवी झाली."

"ते तं बाबूजी गेले ना. ऐकलं मी. लई सज्जन माणूस होता. मी तुम्हाले विचारून राहिलो."

"तेच सर होते, भाऊ. ही खोली म्हणजे त्यांचा टायपिंगचा क्लास होता. मी इथंच त्यांच्यापाशी शिकलो."

मग बंडूभाऊ म्हणाले, "अन् मी त्याईले चाय आणाले पाठवत होतो."

"हो," मी म्हणालो. "अन् मी बसून राहत होतो."

मागे त्यांच्या दुकानात कोणीतरी बियाण्याचं पाकीट मागत होतं.

"मंग तुम्हाले काय म्हणू आता?"

"पंकज म्हणा."

"पंकज," त्यांनी म्हणून पाहिलं. जमलं नाही त्यांना नीट. "बरं. तो प्रिंटर कागद ओढून नाही राहिला."

मी त्यांना मागचं झाकण उघडायला सांगितलं. आत कागदाचा तुकडा अडकला होता, निघाला. दिवसभरात आणखी फोन आले. एक-दोनदा 'हो, बोला' निघूनच गेलं, आणि मग मी पुन्हा मागे येऊन सांगितलं. एकानं वैतागून विचारलं, "आता हे काय नवीन काढलं?" मी सांगितलं. त्याला पटलं की नाही माहीत नाही. सवय लागायला जेवढे दिवस लागले तेवढे जायलाही लागतील.

तुम्ही टाइप केलेली पत्रं मी काल उघडून पाहिली. प्रत्येक ओळीच्या शेवटी तुमचा एंटर. मी काही हलवलं नाही. साइजही बदललं नाही. जशी तुम्ही संपवली तशी प्रत्येक ओळ संपते.

टेबल मात्र आज हलवलं. प्लग पॉइंटपासून वायर लांब ओढून ते खिडकीकडे नेलं, आणि जिथं क्लासच्या दिवसांत तुमची खुर्ची असायची ती जागा मोकळी केली. तिथं काय ठेवायचं ते अजून ठरलं नाही. खालच्या कापडाच्या दुकानातला माणूस आवाज ऐकून वर डोकावून गेला.

पण टेबल हलवायच्या आधी, सकाळी जिना चढून आलो, कुलूप काढलं आणि उंबऱ्यापाशी थांबलो. चप्पल काढली. घसा साफ केला आणि विचारलं, "सर, आत येऊ?"

आवाज बरोबर निघाला नाही. मधेच फाटला.

म्हणून मी बाहेर गेलो, आणि पुन्हा आलो.